सरांनी पाठ करून घेतलेलं वाक्य

"मान एवढी वर नको," सर म्हणाले. "जरा खाली. हां. आता म्हण."

मी म्हटलं, "आय ॲम अ पुअर हरिजन गर्ल, सर."

"आवाज मऊ ठेव. भांडायला नाही चाललीस तू. परत."

"आय ॲम अ पुअर हरिजन गर्ल, सर. माय फादर इज अ मिल-हँड. आय शॅल बी ग्रेटफुल."

"ग्रेटफुल म्हटल्यावर थांबायचं. त्यांच्याकडे बघायचं नाही, टेबलाकडे बघायचं. जमतंय. परत."

शिवाजी पार्काजवळचं सरांचं घर. सर वेताच्या खुर्चीवर दारात, मी बाहेर गॅलरीत उभी. आत दिवाणखान्यात बाकीची मुलं बसलेली. सगळ्यांचे मेडिकलच्या प्रवेशाचे इंटरव्ह्यू चार दिवसांवर आलेले. आत टेबलावर माणसाची कवटी होती, खरी. सर आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, तेव्हाची. ती मुलं कवटी हातात घेऊन एकेका हाडाची नावं म्हणायची. कुणाची कवटी, कुठल्या जातीची, कुणालाच माहीत नाही. ती दिवाणखान्यात होती. मी गॅलरीत.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं होतं, "आत काकूंचं सोवळं असतं गं. तू इथंच बरी. वाराही छान लागतो."

वारा छान लागत होता, खोटं कशाला बोलू?

आतल्या मुलांची तयारी वेगळी चालायची. व्हाय डू यू वॉन्ट टू बी अ डॉक्टर? मग एकेक जण उठून उत्तर द्यायचा. कुणी देशसेवा म्हणायचा, कुणी खेड्यातली गरीब जनता. सर दुरुस्त करायचे, शाबासकी द्यायचे. मी धीर करून विचारलं, "सर, मला या प्रश्नाची तयारी?"

"तुला नाही विचारणार ते."

"का सर?"

"अगं, तुझी जागा राखीव. जात विचारतील, वडिलांचं काम विचारतील, आणि सोडतील. झगडायचंय ते या बिचाऱ्यांना. तुला काय!"

आत कुणीतरी हसलं. माझे कान तापले. पण मी मान खाली घातली आणि वाक्य परत म्हटलं. हो, म्हटलं. चांगलं घोटून म्हटलं.

सर वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. वाईट माणसाला शिवी घालून मोकळं होता येतं. सर एक पैसा न घेता शिकवायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आले होते. मैदानावर सभा झाली की सर बोलायला उभे राहायचे, आणि आमच्या नायगावच्या चाळीतली माणसं पुढे जाऊन बसायची. "मुंबई आम्ही भीक म्हणून मागत नाही, हक्क म्हणून मागतो!" असं सर गरजले की माझा बाप सगळ्यात आधी टाळी वाजवायचा. बापाने त्या लढ्यात पोलिसांची लाठी खाल्लेली. खांदा अजून पुरता वर जात नव्हता. तोच खांदा घेऊन तो माझ्यासाठी सरांकडे गेला होता, पोरीला शिकवा म्हणून. सर लगेच हो म्हणाले होते.

मला डॉक्टर का व्हायचं होतं, ते सांगते. कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. मला बेडूक चिरायला आवडायचं. हसा खुशाल! कॉलेजात पहिल्यांदा ट्रेमध्ये बेडूक टाचला तेव्हा बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावून उभ्या. मी वाकले ती वाकलेलीच. पोट उघडलं, आणि आत ते एवढंसं हृदय उडत होतं. सगळं संपलेलं, तरी ते आपलं उडतंय. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही. त्या दिवशी मला कळलं की हे माझं काम आहे. मला देशसेवा बिशसेवा काही सुचली नव्हती. मला आत काय आहे ते बघायचं होतं.

घरी वेगळंच रामायण. आम्ही दीक्षा घेऊन बौद्ध झालो होतो. दादरच्या चौपाटीवर चिता पेटली, लाखो माणसं रडली, आणि त्यानंतर आमच्या चाळीत घरोघरचे देव निघाले. आईनेही काढले. खंडोबाचे टाक, माहेरची देवी, सगळं फडक्यात बांधून समुद्रात सोडून आली. येताना रडत होती, पण आली ती ताठ. आता आम्ही महार नाही, हरिजन तर नाहीच नाही. तो शब्द आमच्या चाळीत कुणी उच्चारला असता तर त्याचं काही खरं नव्हतं.

पण सरकारचा हिशेब सरळ होता. हिंदू महार म्हणाल तर राखीव जागा, फी माफ. बौद्ध म्हणाल तर सवलत गेली, सगळ्यांसाठीच्या खुल्या जागांवर जाऊन झगडा. माझे मार्क चांगले होते, पण खुली जागा मिळवण्याइतके नव्हते. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांत अभ्यास करून जेवढे मिळतात तेवढे होते. आणि फी? बापाच्या पगारात ती बसण्यातली नव्हती. म्हणजे महार म्हटलं तर मी डॉक्टर होणार. बौद्ध म्हटलं तर नाही. इतकं ते साधं होतं.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी आई तांब्यात निखारे घालून माझ्या पांढऱ्या पातळाला इस्त्री करत होती. मी भिंतीला टेकून वाक्य घोटत होते. आईला इंग्रजी येत नाही. पण एक शब्द तिच्या कानावर गेला आणि तिचा हात थांबला.

"काय म्हणतंस गो? काय पाठ करायला सांगितलानी सरांनी?"

मी मराठीत सांगितलं. मी गरीब हरिजन मुलगी आहे. तुमचे उपकार विसरणार नाही.

आईने तांब्या पातळावर तसाच धरून ठेवला. पातळाला चटका बसून पिवळा डाग पडला तेव्हा तिने तांब्या उचलला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हण. बोलायला काय जातंय. डाक्टर झालंस की मग काय ता बोल."

"आये, तू देव टाकून आलीस."

"देव टाकले माझे मी. तुझा शिकणा नाय टाकलाय."

बाप कोपऱ्यात विडी वळत बसला होता. तो थ्रॉसल खात्यात होता, सूत कातायच्या यंत्रांवर. साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार जास्त. पण तिथं आमच्या लोकांना घेत नसत. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून काढावा लागतो, आणि महाराच्या तोंडचा धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? बाप हातातली विडी फिरवत एवढंच म्हणाला, "मला कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारतायत. तुझं तू बघ."

मला त्याचा भयंकर राग आला. म्हण तरी म्हणावं, नाहीतर नको तरी म्हणावं! रात्रभर कूस बदलत होते.

सकाळी डाग निरीत लपवून पातळ नेसले. कॉलेजच्या व्हरांड्यात बाकांवर पोरांची रांग. आया डोक्यावरून हात फिरवतायत, बाप टाय सारखे करतायत. सरांच्या वर्गातली कुमुद माझ्या शेजारी येऊन बसली. गिरगावात फणसवाडीत राहायची. पोरगी मनाने चांगली. घामेजलेले तळवे रुमालाला पुसत म्हणाली, "तुला बरंय गं. तुझं ठरलेलंच आहे. माझी बघ काय अवस्था झालीय."

तिची माझी दोघींची तोंडं कोरडी पडली होती. पण तिला फक्त उत्तर चुकायची भीती होती.

माझं नाव पुकारलं. आत तीन साहेब बसलेले. मधले टक्कल पडलेले, गोल चेहऱ्याचे, हसरे. मला बसायला सांगितलं. मी बसले. मान खाली, नजर टेबलावर.

मधल्यांनी विचारलं, "सरांनी पाठवलं ना तुला? शिवाजी पार्कवाल्या?"

"येस, सर."

ते शेजारच्याकडे वळले. आणि हसत हसत, खालच्या मऊ आवाजात, अगदी माझ्या सुरात म्हणाले, "आय ॲम अ पुअर हरिजन गर्ल, सर. आय शॅल बी ग्रेटफुल." शेजारचा खो खो हसला. मधले मला म्हणाले, "दर वर्षी तुमच्यातलं कुणी ना कुणी येतं. बॉय असला तर बॉय म्हणतो, एवढाच फरक. चल, म्हणून टाक. बाहेर बरीच मुलं खोळंबलीयत."

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना गंमत वाटत होती.

माझ्या घशाशी आलेलं वाक्य तिथंच अडकलं. दर वर्षी! म्हणजे माझ्याआधी कितीजण या खुर्चीत बसून, याच टेबलाकडे बघून, हेच म्हणून गेले. कुणाच्या तरी आईने रात्री कपड्यांना इस्त्री केली असेल. आणि हे तिघं ते ऐकून मागाहून चहा पिताना नकला करत असतील. लाज नव्हती ती, संताप होता. मी मान वर केली. पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"कास्ट?" त्यांनी विचारलं.

"आय ॲम अ बुद्धिस्ट."

हसू गेलं. "ते झालं. त्याआधी?"

"बुद्धिस्ट."

दुसऱ्या कडेचे साहेब इतका वेळ कागदच चाळत होते. ते पुढे वाकून हळू मराठीत म्हणाले, "मुली, बौद्ध लिहिलं तर तुझी राखीव जागा जाते. बौद्ध धर्मात अस्पृश्यता नाही, मग सवलत कशाला, असा नियम आहे. समजून सांग."

त्यांना उत्तर द्यायचं होतं मला. जिभेवर येईना. "समजून सांगते," म्हटलं. "बौद्ध."

त्यांनी लिहिलं. मला जायला सांगितलं. बेडकाचं हृदय, माझा हात, काही म्हणजे काही विचारलं नाही. बाहेर आले तर कुमुद म्हणाली, "एवढ्यात झालं?"

दोन दिवसांनी सरांचा निरोप आला. लगेच या. आई माझ्या आधी चपला घालून तयार. पण मी तिला घरी ठेवलं आणि एकटी गेले.

सर गॅलरीतच येरझारा घालत होते. "काय करून बसलीस! मी स्वतः जाऊन त्यांच्याशी बोललोय. जागा अजून ठेवलीय त्यांनी. उद्या जायचं, घाबरून चुकीचं बोलले म्हणायचं, की झालं. एक वाक्य, बस."

"चुकीचं नाही बोलले मी, सर."

"हा अहंकार आहे! एका शब्दासाठी आयुष्य घालवतेस? आणि नियम काय चुकीचा आहे? तुम्ही तो धर्म सोडलात ना? मग त्यातली सवलत कशी मागणार?"

तेव्हा मला त्या खोलीत न सुचलेलं उत्तर सुचलं. एकदम, आपोआप. शब्दही नीट आले.

"सर, दीक्षा आम्ही घेतली. तुम्ही काय सोडलंत?"

"म्हणजे?"

"माझ्या बापाला साच्यावर घेतलं का? काकूंनी मला आत घेतलं का? सवलत आमच्या खंडोबासाठी नव्हती, सर. तुमच्या वागण्यासाठी होती. तुमचं वागणं आहे तिथंच आहे. मग माझी जागा कशी गेली?"

सर लालबुंद झाले. निकाल कधी ते विचारायला आत मुलं जमली होती. कुमुद कवटी हातात धरून तशीच बघत राहिलेली.

"तुझ्यासाठी एवढं केलं," सर म्हणाले, "त्याचे हे पांग फेडलेस."

"तुम्ही शिकवलंत ते विसरणार नाही. पण भीक नको, हक्क हवा, हेही तुम्हीच शिकवलंत. मैदानावर. ते काय फक्त मुंबईपुरतं होतं?"

सरांनी दार लावून घेतलं. मी जिना उतरले. रस्त्यात रडले. भरपूर रडले. कुणी बघतंय का याची पर्वा न करता रडले, कारण जागा खरंच गेली होती, आणि ती मला हवी होती. अजून हवी आहे.

आईने दारातच ओळखलं. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट पुढ्यात सरकवायची, बस. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता तिने विचारलं, "आता काय करतंस?"

"बी.एस्सी.ला नाव घालते. पुढच्या साली परत जाते त्यांच्यापुढे."

"परत इचारलानी तर?"

"बौद्ध."

"नाय दिलानी तर?"

"तर त्याच्या पुढच्या साली. आणि मधल्या वेळात चाळीचाळीत जाऊन सांगते, की ही जागा आपली आहे आणि आपण ती बौद्ध म्हणून मागायची. एकटी मागून देत नसतील तर सगळ्यांनी जाऊन मागू."

आई म्हणाली, "वेड लागलंय तुला." आणि भाकरी तव्यावर टाकली.

लागू दे. ती जागा मी सोडलेली नाही. ती माझी आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागेल, असं म्हणतात. मग बदला. मी बदलणार नाही.