मिसळीसाठी म्हणून आणलेला पाव

पारनेरच्या स्टँडजवळच्या बेकरीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मात्र "कशासंगं खानार?" हे विचारल्याशिवाय पाव देत नाही. मिसळ म्हटलं की भट्टीतला गरम पाव मिळतो, फोडणीचा पाव म्हटलं की कालचा. "ताज्याचा लगदा हुतो, ताई," म्हणतो, आणि गिऱ्हाईक गेलं तरी हट्ट सोडत नाही.

परवा नेवाशाहून नणंद आली. तिला माझ्या हातचा फोडणीचा पाव हवा होता. पाहुणीला शिळं कसं घालायचं, म्हणून मी बेकरीत चक्क खोटं बोलले, "मिसळ करतेय." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आतून पिशवी बांधून आणली.

घरी कांदा-मिरचीच्या फोडणीत पाव कुस्करून टाकला आणि बघता बघता कढईत खळ झाली. नणंद दारातून बघतच होती. उरलेला पाव काढायला पिशवीत हात घातला, तर तळाशी कागदात गुंडाळलेला कालचा पाव! तो मात्र मोकळा, खमंग झाला. नणंदेने दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याने मान वर न करता विचारलं, "मिसळ कशी झाली?"

"छान."

"व्हय? आन् कढई निघाली का घासून?"