अमेरिकेसाठी नारळ

आखातातल्या रुसैलच्या आमच्या कारखान्यात एसी दुरुस्त करणारे एक मालवणी काका आहेत. कंपनीच्या बसमध्ये ते फोनवर अमेरिकेतल्या प्रचारसभा बघतात. पक्ष कुठलाही असो, तिथला पुढारी भाषण संपवताना छातीवर हात ठेवून देशासाठी देवाचा आशीर्वाद मागतो. काका भडकतात. "नुसता मागतत! नारळ कोण ठेवता?"

शेवटी तिथल्या मतदानाच्या आदल्या शुक्रवारी काकांनीच आमच्या खोलीतल्या देवाच्या फोटोपुढे नारळ ठेवला आणि गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. आम्ही सहाजण मागे हात जोडून उभे.

"बा देवा म्हाराजा, अमेरिकेची माणसा पक्षावरून भांडतत, तेंका एकत्र आण रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो कोण निवडान येतलो, तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही हसू दाबत ओरडलो.

काकांचा आवाज खाली आला.

"आणि गावच्या मतदारयादीतला माझा नाव काढल्यानी हा, ता परत घाल रे म्हाराजा!"

नावं आमचीही गेली होती. त्या वेळचं "होय म्हाराजा" इतकं जोरात निघालं की शेजारच्या खोलीतले मल्याळी धावत आले.