गफूरचाचांचा पिंजरा आणि माझं दचकणं

गफूरचाचांच्या वर्कशॉपात तुपाचा एक रिकामा डबा होता. कुठल्या गाडीतून निघाले हे कुणालाच आठवत नाही, असे नटबोल्ट त्यात पडायचे. वर्षाअखेरीला डबा भरलेला असायचा आणि गाड्या मात्र सगळ्या चालत असायच्या. दादाच्या गाडीचे किस्सेही माझ्याकडे तसेच साठलेत. टाकवत नाहीत आणि कुठं बसवावेत तेही कळत नाही.

माझा दादा धाराशिवच्या कचेरीत कारकून. पोलीस अ‍ॅक्शननंतर हैदराबादला परत निघालेला एक साहेब आपली छोटी विलायती मोटार इथंच टाकून गेला होता. दादानं ती घेतली आणि दोन वर्षं खपून तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं. आता ती पळायची, पण वळणावर एका अंगाला कलायची. मी घरून कन्याशाळेत शिकवायला चालतच जायची.

*

सोलापूरच्या काही हौशी मंडळींनी तुळजापूरच्या घाटात मोटारींची शर्यत ठेवली. नियमांचा कागद इंग्रजीत. मी कॉलेजात शिकलेली, म्हणून वाचायला माझ्याकडे आला. गाडीत दोन माणसं हवीत, एकानं चालवायची, दुसऱ्यानं वहीत बघून पुढची वळणं सांगायची. आणि गाडी उलटली तरी डोकी शाबूत राहावीत म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा हवा, रोल केज.

"दुसरं माणूस कोण?" मी विचारलं.

दादा माझ्याकडं बघून नुसता हसला. त्याच्या सगळ्या मित्रांत वजनानं हलकी आणि वाचता येणारी मी एकटीच.

आईनं त्याला एवढंच सांगितलं, "पिंजरा मजबूत आहे असं गफूरभाईंनी स्वतः येऊन मला सांगायचं. तोवर ती त्या गाडीत पळायची न्हाय."

*

पिंजरा मजबूत आहे हे ओळखायचं कसं? ही युक्ती गफूरचाचांना माझ्यामुळं सापडली. मी जन्माची दचकी. मांजर शिंकलं तरी माझ्या हातातला कप पडतो.

पहिला पिंजरा त्यांनी नळाच्या पाइपाचा केला. मी आत बसून बघत होते. चाचांनी मागून, न सांगता, त्यावर हातोडा घातला. मी अशी उडी मारली की डोकं वरच्या पाइपाला लागलं. चाचांनी पाइप बघितला. त्याला पोचा पडला होता.

"हातोड्याचा हाय," दादा म्हणाला.

"हातोडा इकडं मारला साब. पोचा तिकडं हाय. ताईंच्या डोक्याचा हाय."

त्यांचं म्हणणं, कच्चं लोखंड झणझणतं, पक्कं नुसतं ठक्क करतं, आणि माझ्याइतके नाजूक कान त्यांच्याकडं नाहीत. मग कायदाच झाला, ताई दचकल्या की माल परत.

*

दुसरा पिंजरा पलंगाचा. एका निवृत्त तहसीलदारांनी पाय जोडायला म्हणून लोखंडी पलंग आणून टाकला होता. सहा महिने ते फिरकलेच नाहीत. चाचांनी पलंग वाकवून गाडीत बसवला. पितळी गोळे तेवढे काढायचे राहिले.

दुसऱ्याच दिवशी तहसीलदार आले. गाडीची तारीफ करत आत बसले, वर बघितलं आणि एका पितळी गोळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हा माझा पलंग आहे."

मी दाराआड सरकले. चाचा शांतपणे म्हणाले, "हुजूर, तुमी रोज त्याला वरनं बघता. खालनं कसा दिसतो, तुमाला काय ठावं?"

तहसीलदारांनी पाच मिनिटं विचार केला आणि पलंग घेऊन गेले.

*

तिसरा कळंबच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधल्या वाफेच्या पाइपांचा. मनगटाएवढे जाड. तो आधी जमिनीवर मांडून, ओळखीच्या आडत्याकडची ज्वारीची सहा पोती वर रचली. सातव्या पोत्याच्या जागी हमाल स्वतः चढून बसला. पाइप जागचा हलला नाही.

मग गाडीत जोडकाम सुरू झालं. पाइप गुडघ्याला लागतो का हे बघायला मला आत बसवलं. ठिणग्या लागू नयेत म्हणून अंगावर ओलं पोतं टाकलं. मी भीतीनं डोळे गच्च मिटलेले. उघडले तेव्हा दोन्ही दारांवर आडवे पाइप जोडून झाले होते आणि मी आत होते.

"चाचा, मी बाहेर कशी येऊ?"

चाचा डोकं खाजवत म्हणाले, "आमी उलटण्याचा विचार केला ताई. उतरण्याचा न्हाय केला."

पाइप कापायला दीड तास लागला. तेवढ्यात मी सहावीच्या वह्या तपासल्या. आई डबा घेऊन आली आणि तिनं मला गजांतून भाकरी भरवली. आडवे पाइप हातानं हलवून बघत ती म्हणाली, "आतलं बाहेर जात न्हाय हे कळलं. बाहेरचं आत येत न्हाय, हे सांगा मग."

चाचा खट्टू झाले. "शर्यतीच्या दिवशी सांगतो, भाबी."

दीड तासात त्यांनी मागून चार वेळा हातोडा मारला, असं दादानं नंतर सांगितलं. मला कळलंच नव्हतं. तरी आईला तेवढ्यावर सांगायला चाचा तयार नव्हते. म्हणाले, "बसल्या जागी न दचकणं वेगळं."

*

शर्यतीच्या दिवशी आई घाटाच्या माथ्यावर सतरंजी टाकून बसली. "तुम्ही आज सांगणार म्हणून सोडते," ती चाचांना म्हणाली. चाचा शेवटच्या वळणावर जाऊन उभे राहिले. पट्टे म्हणून टांग्याच्या घोड्याचे तंग होते, ते दादानं मला करकचून आवळले.

गाडी सुटली आणि मी डोळे मिटले. वही पाठच होती. "डावं वळण. मोरी. उजवं. परत उजवं, खडी आहे."

खडी खरंच होती. चाक दरडीवर चढलं आणि म्हैस बसावी तशी गाडी सावकाश कलली, आणखी कलली आणि पाठीवर झाली. दादानं इंजिन बंद केलं. सगळीकडं शांत.

"पुढं डावं," मी म्हणाले.

"शकू," दादा म्हणाला, "डोळे उघड."

उघडले. वहीची पानं माझ्या डोक्याखाली पडली होती, पदर तोंडावर आला होता आणि आम्ही दोघं घोड्याच्या तंगांना लोंबकळत होतो. धावत आलेले चाचा खिडकीत वाकले. त्यांची दाढी मला वरच्या अंगाला दिसत होती.

"ताई, दचकल्या का?"

मी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "न्हाय हो, चाचा."

त्यांनी पाइपावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. मग उठले, टोपी नीट केली आणि आम्हाला तसंच उलटं लोंबकळत ठेवून माथ्यावर आईला सांगायला गेले.