नदीत सोडलेला हिरवा रंग

नेवाशाच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. माझी धाकटी जाऊ प्रवरेकाठच्या आमच्या गावात राहते. तिथं पिण्याचं पाणी नदीकाठच्या विहिरीतून नळाला येतं. गेल्या हिवाळ्यात ते तपकिरी यायला लागलं, वास तर नाकात बसेल असा. गावाच्या वरच्या अंगाला एका कारखान्याचा नाला नदीला मिळतो. आम्ही दोघी तक्रार घेऊन जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "मॅडम, ते पाणी तुमच्याकडं पोचायला चार-पाच दिवस लागतात. तोवर सगळं विरून जातं."

"कुणी मोजलंय का?"

"त्यात मोजायचं काय?"

माझं डोकंच फिरलं. अख्खं गाव ते पाणी पितंय, आणि म्हणे मोजायचं काय!

मग आम्हीच मोजलं. सरपंचबाईंनी विहिरीचा पंप बंद ठेवला, मंदिराच्या भोंग्यावरून गावाला कळवलं. सकाळी मी नाल्याच्या तोंडाशी अपाय न करणारा हिरवा रंग सोडला आणि नवऱ्याच्या गाडीवरून गावच्या पुलावर आले. जाऊ भाकरी बांधून तिथं बसलेलीच होती. दुपारी ती भाकरी सोडायच्या आत ताडकन उठली.

"ताई, आलं की वो! हिरवं पानी आलं!" मग कठड्याला धरून हळूच म्हणाली, "म्हंजे सकाळी सोडल्याली घान आमी दुपारच्याला पितो व्हय?"

बरं, रंग झपाट्यानं आला तसा गेलाही नाही. विहिरीजवळच्या बंधाऱ्याच्या डोहात दुसऱ्या दिवशीही पाणी हिरवटच होतं. घाण यायला लवकर, जायला उशीर.

हिरव्या पाण्याचे फोटो घेऊन पुन्हा ऑफिस गाठलं. साहेबांनी ते चाळले आणि विचारलं, "नदीत रंग टाकायची परवानगी कुणी दिली तुम्हाला?"

नोटीस निघाली ती मला. नदीचं पाणी दूषित केल्याबद्दल खुलासा करा! कारखान्याला साधी विचारणा नाही. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून मलाच समज दिली.

"ताई, चुलीत घाला ती नोटीस," जाऊ म्हणाली.

आता नाल्याजवळच्या वस्तीवरची एक बाई पाणी काळं दिसलं की सरपंचबाईंना फोन करते. पंप बंद होतो आणि गावातल्या बाया लांबच्या बोअरवरून हंडे वाहतात. नाला चालूच आहे. खुलासा मी दिलेला नाही, देणारही नाही. तो ज्यांनी द्यायचा, त्यांना आधी कुणीतरी विचारावं.