डाग चाखणारे मामा

डागाला बोट लावायचं, ते जिभेला लावायचं आणि डोळे मिटायचे. कोच-खुर्च्यांचे डाग काढणाऱ्या आमच्या मामांची ही रीत. आमचे म्हणजे साऱ्या रत्नागिरीचे. सख्खे भाचे त्यांना नव्हतेच. "आमरस. वर दूध घातलेलं," असं ते म्हणाले की त्या घरातली पोरं मागल्या दारी पळायची.

तुम्ही म्हणाल, डाग काढायला तो चाखायचा कशाला? मीही विचारलं होतं. "कारकून, पाहुणा कोण ते कळल्याशिवाय पाट कसा मांडायचा?" रेशमावर ते पाणी ओतत नसत. रिठ्याचा नुसता फेस फडक्यावर घ्यायचा आणि डागाच्या कडेकडून आत यायचं. थेट मधोमध चोळणाऱ्याला ते गाढव म्हणत, मग तो घराचा मालक का असेना.

मी ज्या वकिलांकडे कारकून होतो, त्यांच्या दिवाणखान्यात बोटीने मुंबईहून आणलेला फिक्या रेशमाचा कोच होता. त्यावर त्यांचा धाकटा भाऊ दिवसभर पडून असे. मुंबईच्या नोकरीवरून तो खोकला घेऊन परतला होता. क्षयाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. त्यालाही सांगितलं नव्हतं. उशाशी तांबडा डाग पडला तेव्हा वकीलसाहेबांनी मामांना बोलावलं आणि म्हणाले, "विडा सांडलाय."

मामांनी चाखलं. या खेपेला त्यांचे डोळे लवकर उघडले नाहीत. आजारी पोरगा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"कसला आहे हो, मामा?"

"विड्याचाच. काथ जरा जास्त झाला, बाबा."

पोरगा हसला. त्या दिवशी तो पोटभर जेवला, असं स्वयंपाकघरातून कळलं.

मग डाग पडतच राहिले. दर वेळी मामांना बोलावणं, दर वेळी तोच प्रश्न. मी त्यांना फाटकाशी गाठलं. "मामा, तो विडा नाही. जिभेला लावू नका."

"पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग?"

"न चाखता सांगितलं तर त्याला पटेल काय? माझ्या जिभेवर जगतोय हो तो."

मला त्यांचा भयंकर राग आला. दुसऱ्याच्या पोरासाठी स्वतःचं घर बुडवायला निघालेला हा माणूस. आणि भीतीही वाटली, कारण त्यांना ती वाटत नव्हती.

पोरगा गेला. कोच परसात नेऊन जाळला. तो वास आळीत कितीतरी दिवस होता. पावसाळ्यात मामांना ठसका लागला. "दमट हवा," ते म्हणत.

शेवटचा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मामी अंगणात त्यांचं उपरणं चोळत बसल्या होत्या.

"आमसुलाचा डाग म्हणाले. म्हणून कढत पाणी ओतलं, तर जास्तच बसला. तुम्ही तरी बघा, भाऊ."

रक्ताला कढत पाणी लागलं की ते धाग्यात कायमचं बसतं, हे मला मामांनीच कधीतरी शिकवलं होतं. ते ओटीवर घोंगडी पांघरून बसले होते. मी डागाकडे बोट पुढे केलं.

"चाखू नका हो, कारकून," मामा म्हणाले. "सांगा तिला. आमसुलाचाच."

मी सांगितलं. मामींना बरं वाटलं. चुलीवरचं आणखी एक तपेलं आणून त्यांनी त्या उपरण्यावर ओतलं.