मुदत संपली, पाणी थांबलं नाही

बिल्डरच्या ऑफिसात मी मोबाइल पुढे धरला. फोटो माझ्या मोरीचा होता. जाळीतून वर आलेलं मैल्याचं पाणी, थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. टेबलाभोवती त्याचे तीन मित्र चहा पीत बसले होते. त्यानं मोबाइल हातात घेतला, फोटो पाहिला, परत दिला. मग बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाला,

"आवो बाई, तुमच्या लोकास्नी ह्याची एवढी किळस कवापासून याया लागली?"

तिघे हसले.

मीही हसले.

त्याचं वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. माझं हसणं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

का हसले? सौदा मोडायचा नव्हता म्हणून.

माझा धंदाच सौद्याचा. चाकणच्या कंपन्यांत बाहेरून यंत्रं येतात ती मोठ्या लाकडी खोक्यांत. रिकाम्या खोक्यांचा लॉट निघाला की मी तो उचलते, खिळे काढते, फळ्या विकते. काळेवाडीत एका खोलीत सहाजण वाढलो. बाप कंपनीत हेल्पर. लग्नानंतर आधी डोक्यावरून फळ्या वाहिल्या, मग हातगाडी, मग टेम्पो, मग स्वतःची वखार. गेटवर सगळे बाप्ये, त्यांत मी एकटी बाई. स्टोअरवाला म्हणायचा, "ताई, हा लॉट तुम्हाला झेपायचा नाही." मी म्हणायची, "तुम्ही भाव बोला. झेपायचं मी बघते."

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. पण सौद्याला बसले की मी बर्फ. आमच्याकडे घाई दाखवणारा मेला. आणि बोलणं चालू आहे तोवर कुणी कागद काढत नाही. नोटीस पाठवली की संबंध तुटला, मग त्या गेटवर पुन्हा उभं राहायची सोय नाही. तोंडचा शब्द हाच करार. वीस वर्षं मी अशीच जगले आणि कुणापुढे हरले नाही.

फ्लॅट घेतला तो मोशीच्या पुढे, आळंदीच्या रस्त्यापासून थोडा आत. तळमजला. माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर. पहिलं वर्ष बरं गेलं. मग बिल्डरनं मागच्या मोकळ्या जागेत सहा मजले चढवले आणि त्या इमारतीचं ड्रेनेज आमच्याच जुन्या पाइपला जोडलं. पाइप केवढासा. सकाळी मागची इमारत जागी झाली की सगळं आमच्या मोरीतून वर. मी फडकं आणि बादली घेऊन बसायची. माझ्या आजीनं गावकीत मेलेली जनावरं ओढली, लोकांची घाण उपसली. तिला नाही म्हणता येत नव्हतं. मी माझ्या कमाईच्या घरात, माझ्या नावाची पाटी दाराला लावून, तेच करत होते.

मी बिल्डरकडे गेले. त्यानं चहा पाजला. "दिवाळी झाली की नवी लाइन टाकतो." दिवाळीनंतर त्यानं पंप लावून चेंबर उपसून दिलं. मला वाटलं, एक पायरी उतरला. पाडव्याला प्लंबर पाठवला. आणखी एक पायरी. समोरचा उतरत असतो तेव्हा आपण तोंड उघडायचं नसतं.

नवरा म्हणायचा, "अगं, एक साधा अर्ज तरी दे लिहून."

मी त्याच्यावरच खेकसले. "तू तुझी शिफ्ट सांभाळ. सौदा मला शिकवू नको."

अशीच तीन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी तो फोटो, तो रुमाल, ते हसणं. त्या दिवशीही उठताना तो म्हणाला होता, "पुढच्या हप्त्यात जेसीबी पाठवतो." त्या जेसीबीसाठी मी हसले होते.

जेसीबी आला नाही. तेव्हा कुठं मी वकील गाठला.

ग्राहक आयोगात तक्रार गेली. तिथं कळलं, दोन वर्षांच्या आत यायला हवं होतं. उशीर झाला तर का झाला याचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. वकिलांनी तो जोडला नव्हता. करारावर दोन नावं, तक्रारीवर सही माझी एकटीची. नवऱ्याला तेव्हा रोज ओव्हरटाइम होता. वकील म्हणाले होते, "ताई, तुमची एकटीची चालते." चालली नाही. चुका दुरुस्त करायला एक तारीख मिळाली. त्या तारखेला वकीलसाहेब दुसऱ्याच कोर्टात.

शेवटच्या दिवशी बिल्डरचा वकील उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "तीन वर्षांत तक्रारदारानं आमच्या अशिलाला लिहिलेली एक ओळ दाखवावी."

तीन वर्षांत मी त्या ऑफिसात चाळीस तरी चहा प्यायले असेन. ओळ एकही नव्हती. तिथं खुर्चीवर बसल्याबसल्या मला कळलं. तो पायऱ्या उतरतच नव्हता. तो मुदत खात होता. मला चहा पाजून खात होता. आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते.

तक्रार मुदतबाह्य म्हणून फेटाळली. पाणी घरात येतं का, हे कुणी विचारलंच नाही.

आयोगाच्या जिन्यात बिल्डरनं मला गाठलं. चेहऱ्यावर माया. "बाई, झालं गेलं ऱ्हाऊ द्या. घर मला परत द्या. भाव तुमीच बोला. व्यापारी बाई हाय तुमी."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला भाव विचारला आणि माझ्या तोंडात भाव नव्हता.

मी म्हटलं, "मी भाव बोलेन, तुम्ही घर घ्याल, रंग माराल, दुसऱ्या बाईला विकाल. मग ती बसेल मोरीत फडकं घेऊन."

"मग काय करता? केस तर गेली."

"त्या दिवशी तुमच्या ऑफिसात मी हसले होते. ते हसणं मी परत घेते."

"बाई, आवाज कमी करा. लोक बघत्यात."

"बघू देत. किळस आम्हाला आधीपासून येते. माझ्या आजीलाही यायची. तिला सांगायची सोय नव्हती. मला आहे."

जिन्यातले लोक थांबले होते. तो खाली निघून गेला. मी वर गेले. वकिलांना विचारलं, "अपिलाची मुदत किती?"

"पंचेचाळीस दिवस. पण ताई, घरी जा, शांत डोक्यानं..."

"फाइल द्या."

फाइल हातात घेतली तर पापडासारखी पातळ. तिथंच बाकावर बसून वाचली. इंग्रजी अडलं तिथं खाली रेघ मारली. दहावी झालेली बाई आहे मी, दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं बिनपगारी रजा टाकली आणि नव्या वकिलाकडे येऊन सही केली. अर्ज दे म्हणत होतो, असं त्यानं एकदा तरी मला सुनवायला हवं होतं.

मग महापालिकेत गेले. परवानगी नसताना पाइप जोडल्याचा अर्ज, सोबत फोटो. टेबलामागचा माणूस म्हणाला, "ठेवून जा ताई, बघतो."

"पोच द्या."

"अहो, एवढासुद्धा विश्वास नाही का?"

"नाही."

त्यानं शिक्का शोधला, शाई नव्हती, मी थांबले. शाई आली. शिक्का बसला. मग उठले.

अपील मुदतीत दाखल झालं आहे. नवे वकील स्पष्ट बोलतात. तेही फेटाळलं जाऊ शकतं म्हणतात. फेटाळू देत. मी त्यांना विचारलं, "पाणी आज सकाळीही आलं. मग आजचा अन्याय जुना कसा?" ते पेन खाली ठेवून म्हणाले, "हा मुद्दा मांडता येईल." मांडा म्हटलं. आता पाणी येईल त्या प्रत्येक दिवशी बिल्डरला रजिस्टर पत्र जातं, महापालिकेला अर्ज जातो. चहाला मी कुणाकडे जात नाही.

ते घर मी विकणार नाही. भाड्यानंही देणार नाही. मागच्या इमारतीचा पाइप खोदून वेगळा होईपर्यंत मी तिथंच राहणार आहे, आणि लिहिणार आहे.