सहकुटुंब, सहपरिवार, ठीक अकरा वाजता

मी एम.कॉम. झाले, फायनान्स घेऊन, पहिल्या वर्गात. ही बातमी आमच्या मळ्यातल्या फ्लॉवरच्या गड्ड्यांनासुद्धा माहीत होती, कारण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती प्रत्येक वाफ्याला वेगवेगळी सांगितली होती. त्या वर्षी फ्लॉवर एवढा टपोरा आला की एकेक गड्डा दोघांनी उचलावा लागायचा. अभिमानाचं खत दुसऱ्या कुठल्याही खतापेक्षा भारी, हे तेव्हा सिद्ध झालं.

पण पुढे काय, हे अण्णांना आणि फ्लॉवरला, दोघांनाही ठाऊक नव्हतं. काकांना ठाऊक होतं. नाशिकात पेठ रोडला काकांचं खतं-औषधांचं दुकान आहे आणि त्यात बिलं करायची एक खुर्ची आहे. तिचा एक पाय आखूड, म्हणून खाली दुमडलेला पुठ्ठा. काका म्हणाले, "घरचीच पोर हाय. बसू द्या इथं." त्या खुर्चीत माझ्या आधी बसलेला माणूस पंधरा वर्षं बसला होता आणि उठला तेव्हा त्याला गुलाबाचा वाससुद्धा युरियासारखा यायचा, असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगते.

म्हणून मी एका सॉफ्टवेअर कंपनीत अर्ज टाकला. कंपनी म्हणजे इंदिरानगरात मिसळीच्या दुकानावर दोन फ्लॅट एकत्र केलेले, लिफ्ट नाही, आणि सकाळी दहानंतर सगळ्या संगणकांना तर्रीचा वास. मुलाखतीत सरांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, मी आधीच सांगून टाकलं, "सर, मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही."

सर म्हणाले, "लिहिणारे माझ्याकडे सात आहेत. त्यातल्या एकालाही रिकाम्या क्रेटचं वजन वजा का करायचं, हे कळत नाही. तुला कळतं?"

"सर, मला ते तिसरीत कळलं. मार्केट यार्डात."

झालं. तीन महिने बघू, जमलं तर कायम, नाहीतर राम राम. अण्णांनीही तेच तीन महिने धरले. "त्या लोकांनी कायम केलं तर ठीक. नाय केलं तर काकांची खुर्ची. मंजूर?" मी मंजूर म्हणाले. दुसरं काय म्हणणार? काकांनी तोवर खुर्चीखालचा पुठ्ठा बदलून नवा घातला होता.

आता आमच्या भावकीत आय.टी. कंपनी म्हणजे एकच गोष्ट: पोरगी कॉम्प्युटर दुरुस्त करते. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे चार मोबाईल, एक बंद पडलेला मिक्सर आणि ठिबकचा टायमर आला. मी फायनान्सवाली आहे असं सांगितलं, तर एक मामा म्हणाले, "मग मिक्सरचा हप्ता तरी बघ."

खरं काम काय होतं ते सांगते, कारण माझ्यामागून कॉमर्सची बरीच मुलं मला फोन करून हेच विचारतात. गिऱ्हाइकाशी बोलायचं, त्याचा धंदा कसा चालतो ते समजून घ्यायचं, ते प्रोग्रॅमरला त्याच्या भाषेत सांगायचं, आणि त्याने बनवलं की ते मोडून बघायचं. मोडण्यात मला फार गोडी. पहिल्याच दिवशी मी क्रेटचं वजन द्राक्षांपेक्षा जास्त टाकलं, तर पडद्यावर आलं, 'वजा बारा किलो द्राक्षे स्वीकारली.' मी शेजारच्या प्रोग्रॅमरला विचारलं, "ही बारा किलो आता वेलीवर परत जाऊन चिकटणार का?" तो बिचारा नाशिक रोडच्या कॉलनीत वाढलेला, हुशार, पण द्राक्षं फ्रीजमध्ये लागतात अशा समजुतीचा. त्या दिवसापासून तो मला घाबरायला लागला आणि आमची छान मैत्री झाली.

तर सॉफ्टवेअर होतं दिंडोरीकडच्या एका द्राक्ष निर्यातदार शेठसाठी. शेठचं दुखणं एकच. बागायतदाराला माल घेऊन यायची वेळ द्यावी, तर मंगळवारचा माणूस शुक्रवारी येणार आणि शुक्रवारचा माणूस 'मी काल येऊन गेलो' म्हणणार. म्हणून आमचा प्रोग्रॅम प्रत्येकाला आदल्या दिवशी मोबाईलवर मेसेज पाठवणार होता: उद्या, अमुक वाजता, अमुक जागी. शेठ स्वतः बघायला येणार होते, सकाळी अकराला. माझे तीन महिने त्याच आठवड्यात संपत होते आणि सरांनी साफ सांगितलं होतं, "हे काम मिळालं तर तू कायम. नाही मिळालं, तर मीसुद्धा कायम नाही."

आदल्या दिवशी प्रोग्रॅमर म्हणाला, "साठ बागायतदारांची खोटी माहिती भर. आणि मेसेजचा मजकूर लांबलचक टाक. मराठी अक्षरं जास्त जागा खातात, तुटतायत का ते बघू."

मी खोटे मोबाईल नंबर टाकायला बसले. नऊ नऊ नऊ टाकलं, एकदा घेतलं, दुसऱ्यांदा नाही. प्रत्येक नंबर वेगळा हवा. दहा नंबर रचले आणि कंटाळले. तेवढ्यात आठवलं, माझ्या मोबाईलमध्ये ताईच्या लग्नाची यादी आहे! आमच्याकडे लग्नाची यादी म्हणजे काय चीज असते ते सांगून पटायचं नाही. मानाप्रमाणे क्रमवार, गाव, मोबाईल, कोण कोणावर रुसलंय त्याची खूण, सगळं. मी ते दहा पुसून यादीतली पहिली साठ नावं धडाधड चिकटवली. पहिलं नाव अण्णांचं. दुसरं थोरल्या आत्याचं. संपर्क म्हणून माझं नाव, पत्ता ऑफिसचा. मजकूर? लांबलचक मराठी म्हटलं की पाठ असलेला एकच. लग्नपत्रिकेचा.

'आपण उद्या सकाळी ठीक अकरा वाजता सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून कार्याची शोभा वाढवावी, ही आग्रहाची विनंती.'

अक्षरं तुटतायत का ते बघायला साडेपाच वाजता मी 'सर्वांना पाठवा' दाबलं. पडद्यावर आलं, 'साठ मेसेज पाठवले.' वा, म्हटलं, खोटं बोलायलासुद्धा किती छान शिकलंय. मेसेज बाहेर जाण्याचं बटण बंद असतं, हे मला माहीत होतं. उद्याच्या तयारीसाठी प्रोग्रॅमरने ते दुपारी चालू केलंय, हे मला माहीत नव्हतं.

घरी गेले तर अण्णा गप्प. जेवताना 'मीठ दे' एवढंसुद्धा माझ्याशी बोलले नाहीत, आईला सांगून माझ्याकडून मागवलं. आईने डोळ्याला पदर लावत मला तिसरी पुरी वाढली. साधा बुधवार, पुऱ्या कशाला? मला वाटलं, तीन महिने संपताहेत म्हणून सगळे हळवे झालेत. खरं असं होतं, की पोटच्या पोरीने लग्न परस्पर ठरवून आपल्याला मोबाईलवर आमंत्रण धाडलंय, या रागाने अण्णा मिठालासुद्धा मध्यस्थ घालत होते. आणि त्यांनी सगळ्या भावकीला फोनवर एकच फर्मावलं होतं, "तिला कोणी काही विचारायचं नाय. मुकाट्यानं या. टायमात या."

सकाळी मी उठले तर अण्णा माझ्याआधीच परीटघडीचे कपडे घालून बाहेर पडलेले.

शेठ अकराला दहा मिनिटं असताना आले. पांढरा सफारी, चारजणांत उठून दिसणारं पोट. सर, शेठ, प्रोग्रॅमर आणि मी, पडदा लावून बसलो. प्रोग्रॅमरने नेमका त्या दिवशी इस्त्रीचा क्रीम रंगाचा शर्ट घातलेला. अकराला पाच मिनिटं कमी असताना जिन्यात आवाज आला. मला आधी वाटलं, खाली मिसळीची कढई कलंडली. मग वाटलं, देवळाली कॅम्पची तोफ. मग दार उघडलं आणि थोरली आत्या आत आली. दोन मजले चढून धापा टाकत, नऊवारीत, हातात नारळाची पिशवी, आणि तिच्यामागे जिना संपेपर्यंत भावकी. माझी शप्पथ, रांगेचं शेपूट सिग्नलपर्यंत होतं आणि वाहतूक पोलिसाने त्यांना वेगळी लेन करून दिली होती.

"कुठंय मुलगा?" आत्या म्हणाली.

कुणी काही बोलायच्या आत तिची नजर क्रीम शर्टावर पडली. बाकी सगळं तिने एका दमात केलं. प्रोग्रॅमरच्या कपाळाला कुंकू, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. तो बिचारा म्हणाला, "काकू, मी बॅकएंड बघतो."

"बघ की बाबा, बघ. पोरीकडं पण बघ जरा."

मग आत्याने शेठकडे पाहिलं. सफारी, पोट, मधली खुर्ची. "हे मुलाचे वडील," तिने जाहीर केलं आणि त्यांनाही टोपी घातली. सरांना मुलाचे मामा म्हणून टॉवेल मिळाला. तोवर आमच्या दोन चुलत्यांनी उरलेल्या सहा प्रोग्रॅमरांना संगणकासकट सरकवून जाजम अंथरलं होतं.

मी भिंतीला टेकले. मला समोर पेठ रोड दिसायला लागला, खुर्ची दिसायला लागली, तिच्याखालचा नवा पुठ्ठासुद्धा दिसला. शिवाय काका स्वतः दारात उभे होते आणि 'चला, सोमवारपासून येतेस ना' अशा प्रेमळ नजरेने बघत होते. अण्णा मात्र भिंतीकडे तोंड करून, लग्नात रुसलेला सासरा बसतो तसे बसलेले.

आता खरं सांगण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मला खरं बोलायची फारशी सवय नाही, त्यामुळे आवाज जरा चिरकला. "लग्नबिग्न काही नाही! मी मेसेज तपासत होते. खोट्या नावांच्या जागी आपली यादी टाकली. मजकूर पत्रिकेचा टाकला. चूक माझी आहे. सर, या मुलाची काही चूक नाही. त्याची टोपी काढा."

आत्याने पदराने कपाळावरचा घाम पुसला.

"म्हंजी," आत्या सावकाश म्हणाली, "जेवण नाय?"

आणि शेठ हसायला लागले. आधी सफारीची बटणं हसली, मग पोट, मग शेठ. टोपी सरळ करत ते आत्याला म्हणाले, "मावशी, तुम्ही कुठून आलात?"

"सिन्नरकडून. पहिल्या एष्टीनं."

"आणि हे?"

"आम्ही सटाण्याहून."

"मेसेज कधी मिळाला?"

"काल सांच्याला."

शेठनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मग जाजमाकडे. मग सरांकडे. "अहो, अकराला पाच कमी असल्यापासून ही माणसं जिन्यात आहेत! माझ्याकडे पंधरा वर्षांत एक बागायतदार दिलेल्या वेळेला आला नाही. मी फोन केले, गाड्या पाठवल्या, एकदा ढोल लावून बघितला. आणि हिने एका मेसेजवर सटाणा उठवून आणला."

"शेठ, ते लग्न समजून आले," मी म्हणाले. एकदा खरं बोलायला लागलं की थांबवत नाही.

"मग माझ्या बागायतदारांनापण तसंच समजू दे. नुसतं 'हजर राहावे' म्हटलं की माणसाला कोर्टाचं समन्स वाटतं." ते सरांकडे वळले. "तुमची पोरं अक्षरं जुळवतील, पण कुणाला कसं बोलवायचं हे ह्या पोरीला कळतं. मजकूर हाच ठेवा. आणि माझ्या कामाला ही पाहिजे. ही असेल तर उद्यापासून सुरू."

सरांनी खांद्यावरचा टॉवेल न काढता आतल्या खोलीत जाऊन पत्र छापलं. हुद्दा लिहिला होता, बिझनेस अ‍ॅनालिस्ट. त्यांनी ते माझ्या हातात द्यायला पुढे केलं, पण मध्ये आत्या होतीच. तिने ते पत्र ताटात ठेवलं, त्याला हळद-कुंकू लावलं आणि मगच नारळासकट माझ्या ओटीत घातलं. "आणलेला नारळ परत नेत नाय आपण," ती म्हणाली. माझ्या नेमणुकीच्या पत्रावर आजही सरांच्या सहीपेक्षा आत्याचं कुंकू ठळक आहे.

त्या दिवशी शेठनी अख्ख्या भावकीला खालची मिसळ खिलवली. पाव संपले, मग अख्ख्या इंदिरानगरातले संपले, आणि शेवटी बेकरीवाल्याने घरच्यांसाठी राखून ठेवलेले दोन, तेही गेले. प्रोग्रॅमरने टोपी काढली नाही. म्हणाला, डोक्याला गार वाटतं.

आता शेठच्या पॅकहाऊसवर, म्हणजे द्राक्षं उतरवून पेट्यांत भरतात तिथे, बागायतदार ठीक वेळेला येतात, फक्त बायको, पोरं आणि एखादा जावई घेऊन येतात, म्हणून शेठना तिथे चहाची मोठी पातेली आणि दोन चटया ठेवाव्या लागल्या आहेत. त्यांची तक्रार नाही.

तर त्या दिवशी मिसळ संपल्यावर काका अण्णांजवळ येऊन टेकले. "दादा, मग त्या खुर्चीचं काय करू?"

अण्णा आदल्या रात्रीपासून माझ्याशी एक शब्द बोललेले नव्हते. त्यांनी माझ्या हातातलं पत्र घेतलं, चष्मा नसल्यामुळे उलटं धरून सगळं वाचलं, घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातली. मग रश्श्याने लाल झालेल्या मिशा पुसत म्हणाले,

"तिच्यावर युरियाची गोणी ठेव."